उतारवयात सुटलेली नोकरी : पेढी, कुटुंब आणि समाज



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा होत असताना नोकरी गमावण्यासारखा विषय व्यासपीठावर यावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विसंगत वाटण्याची शक्यता आहे. परंतु पन्नास या आकड्याला दोन बाजू आहेत. संस्थेला पन्नास वर्षे झाली की तिचा सुवर्णमहोत्सव होतो; नोकरदार माणसाला पन्नास वर्षे झाली की त्याच्या मनात एक अव्यक्त भीती घर करू लागते. मुलीचे लग्न ठरायचे असते, मुलाचे शिक्षण अर्ध्यावर असते, आईवडिलांचे औषधपाणी सुरू असते आणि घराच्या कर्जाचे हप्ते संपलेले नसतात. खर्चाचा डोंगर सर्वांत उंच असतो त्याच सुमारास एखाद्या दिवशी त्याला सांगितले जाते, "उद्यापासून येण्याची गरज नाही."

या प्रसंगाचे वर्णन करताना 'अचानक' हा शब्द हमखास वापरला जातो. नोकरी अचानक गेली, दुकान अचानक बंद झाले, कारखान्याला अचानक टाळे लागले. वस्तुतः नोकरी अचानक जाते ती ज्याची जाते त्याच्यापुरतीच. ती जाणार आहे हे त्याआधी कित्येक महिने कोणाला तरी ठाऊक असते. मालकाला आपल्या धंद्याची अवस्था ठाऊक असते, पण तो नोकराला सांगत नाही. नोकरी गेल्यावर नोकराला ते ठाऊक असते, पण तो घरी सांगत नाही. घराला कळते, पण घर समाजाला कळू देत नाही. असे तीन पडदे एकामागून एक पडत जातात आणि त्यांच्या आड एक कर्ता मनुष्य एकटा गुदमरत राहतो. पगार थांबल्याने होणारे नुकसान मोठे असतेच. परंतु या तीन पडद्यांमुळे होणारे नुकसान पुष्कळदा त्याहून मोठे ठरते, आणि ते टाळणे मात्र माणसांच्या हाती असते. एवढीच गोष्ट या व्याख्यानात मांडावयाची आहे.

बुलढाणा जिल्ह्याला हा विषय नवा नाही. खामगावच्या कापूस बाजाराची ख्याती एकोणिसाव्या शतकात देशभर पसरली होती. त्या कापसासाठीच १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा घातला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांतून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. हंगामात बैलगाड्यांच्या रांगा लागत; आडतीच्या पेढ्यांवर रात्री उशिरापर्यंत दिवे जळत. या साऱ्या व्यवहाराचा कणा म्हणजे पेढीवरचा मुनीम. कपाशी मुठीत घेऊन तिची प्रत, धाग्याची लांबी आणि ओलावा तो नुसत्या स्पर्शाने सांगे. कच्ची टिपणे, रोजमेळ, खतावणी त्याच्या हातची असे. कोणत्या गावचा कोणता शेतकरी शब्दाला पक्का आहे, कोणाची उचल किती आणि ती कधी फिटेल, हे कोणत्याही चोपडीत न लिहिलेले ज्ञान त्याच्या डोक्यात असे.

१९७१ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया व विक्रीसंबंधीचा कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, मधल्या साखळीतून त्याची सुटका व्हावी, हा तिचा हेतू होता. त्या हेतूच्या योग्यायोग्यतेची चर्चा हा आजचा विषय नाही. परंतु राज्यात कापूस खरेदीचा अधिकार एका शासकीय यंत्रणेकडे गेल्याबरोबर खाजगी कापूस खरेदीचे आणि आडतीचे प्रयोजनच उरले नाही. व्यापाऱ्याजवळ भांडवल होते. त्याला धान्य, सरकी, तेल किंवा कापडाकडे वळता येत होते. जिनच्या मालकाजवळ यंत्रे होती. ती यंत्रणेच्या कापसावर चालू शकत होती. मुनिमाजवळ मात्र फक्त त्याची पेढी होती, आणि ज्या बाजारासाठी ती पेढी होती तो बाजारच संपला होता.

योगायोग असा, की त्याच १९७२ सालच्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. मागेल त्याला काम देण्याचे हे तत्त्व पुढे १९७७ च्या कायद्यात आले आणि देशभर आदर्श मानले गेले. पण ती हमी कुदळ-फावडे धरणाऱ्या हातांसाठी होती. लेखणी धरणाऱ्या पन्नाशीच्या हातांसाठी अशी कोणतीही हमी तेव्हा नव्हती आणि आजही नाही. म्हणूनच मध्यमवर्गीय, वयस्क, पांढरपेशा नोकराचे काम जाते तेव्हा शासनाच्या कोणत्याही रांगेत तो दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे समजले जाते.

या घटनेतला एक तपशील विचार करण्याजोगा आहे. कायदा १९७१ चा आणि अंमल १९७२ च्या हंगामापासूनचा. म्हणजे मध्ये काही काळ हाताशी होता. ज्या पेढीने तो काळ आपल्या माणसाशी बोलण्यात घालवला असेल, तिच्या मुनिमाला दुसरीकडे शब्द टाकण्यास, मुलाला कामाला लावण्यास, खर्चाला आवर घालण्यास अवधी मिळाला असेल. जेथे कोणी काही बोलले नाही, तेथे हेच संकट 'अचानक' आले. कायदा सर्वांना सारखाच होता. फरक पडला तो एका संभाषणाने.

पुढे २००२ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीची मुभा पुन्हा मिळाली आणि चक्र उलटे फिरले. एकाधिकारावर उभ्या राहिलेल्या यंत्रणेचा व्याप आटत गेला आणि तिच्या भरवशावर असलेल्या माणसांपुढे तोच जुना प्रश्न उभा राहिला. ज्या योजनेने एका पिढीचे काम काढून घेतले, तिच्याच संकोचाने दुसऱ्या पिढीचे काम गेले. परंतु कापसाची प्रत ओळखणारी नजर ना १९७२ साली निरुपयोगी झाली, ना २००२ साली. पुढील काळात सरकारी खरेदीच्या हंगामात ग्रेडरची उणीव हा वारंवार चर्चेचा विषय झाला, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. नोकरी जाणे आणि कसब जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुःखाच्या भरात माणूस त्या एकच समजतो.

विदर्भाचा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जात असे, तेथील कथा अधिक करुण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तरुण कामगार इतरत्र पांगले. चाळिशी-पन्नाशीतले कामगार मात्र भोंगा पुन्हा वाजेल या आशेवर थांबून राहिले. महिने गेले, वर्षे गेली, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्यासाठी 'म्हाडा'ची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. तेव्हा जेमतेम सात हजार घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले होते आणि त्यांतील अनेक अर्ज दिवंगत कामगारांच्या वारसांचे होते. ज्यांनी कामाचे जुने पुरावे, हजेरीचे कागद, भविष्यनिर्वाह निधीचे उतारे जपून ठेवले होते, त्यांच्याच वारसांना दावा मांडता आला. आशा ठेवावी, पण आशेवर घर चालवू नये; आणि कागद कधी टाकू नये, हे दोन धडे त्या तीस वर्षांनी दिले आहेत.

काम गेल्यावर माणसाच्या मनाचे नेमके काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाचे सारे जीवन एका कापड गिरणीवर अवलंबून होते. १९२९-३० च्या जागतिक मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण अभ्यासकांनी त्या गावाची बारकाईने पाहणी केली आणि १९३३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रिकामा वेळ मिळाल्यामुळे लोक अधिक वाचतील, सार्वजनिक कामात अधिक भाग घेतील, असे सामान्यतः वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडले. गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. रस्त्याने चालणारे पुरुष मंद गतीने चालू लागले, जागोजाग थांबू लागले. दिवसभरात काय केले असे विचारले असता अनेकांना ते धड सांगता येईना. स्त्रियांचे तसे झाले नाही, कारण घरकाम संपले नव्हते. त्यांच्या दिवसाला आकार होता.

मारिएनथाल आणि मलकापूर यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. पण सकाळी नऊ वाजता तयार होऊन कोठे जावे हे न सुचणारा माणूस दोन्हीकडे सारखाच. काम माणसाला केवळ पैसा देत नाही. ते त्याला दिवसाचे वेळापत्रक देते, चार माणसांत उठबस देते आणि स्वतःची ओळख देते. पैशाची तूट बचतीने काही काळ भरून काढता येते. या तीन गोष्टींची तूट भरून काढण्यास दुसरी माणसे लागतात. ती माणसे जवळ येऊ नयेत अशीच व्यवस्था हे पडदे करीत असतात.

आता पहिल्या पडद्याकडे, म्हणजे मालक आणि नोकर यांच्यामधील पडद्याकडे, स्पष्टपणे पाहिले पाहिजे. या सभागृहात नोकरी करणारे आहेत, तसेच नोकरी देणारेही आहेत. समाजाच्या पेढ्या, दुकाने, जिन, डाळमिल, कापडाच्या व सोन्या-चांदीच्या दुकानांतून अनेक माणसांनी उभी हयात घालवली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेब चोपडीतून संगणकात गेला. हाती खतावणी लिहिणारा, तीस वर्षांचा विश्वासू मुनीम मुलाच्या पिढीला अनावश्यक वाटू लागला. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि व्यवहारच ठप्प झाले. जे निर्णय आधी लांबणीवर टाकले होते, ते अनेक ठिकाणी त्या काळात उरकले गेले.

धंदा चालत नसेल तर माणसे कमी करावी लागतात, हे व्यापार करणाऱ्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. त्यात दोष नाही. दोष असतो तो न बोलण्यात. दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी ज्याच्या हाती लेखणी दिली, त्याला होळीपर्यंत ठेवता येणार नाही हे मालकाला ठाऊक असूनही तो मौन पाळतो. 'बिचाऱ्याच्या मनाला लागेल' ही त्यामागची भावना पुष्कळदा प्रामाणिक असते. पण त्या मौनाच्या चार महिन्यांत तो मुनीम मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढून मोकळा होतो. आगाऊ सूचना ही सर्वांत स्वस्त दया आहे. तिला मालकाचा एक रुपयाही खर्च येत नाही.

कायद्याचेही याबाबत काही म्हणणे आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करावयाचे तर एक महिन्याची लेखी सूचना किंवा तिच्याऐवजी वेतन, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी, हा नियम औद्योगिक विवाद कायद्याने १९५३ पासून घालून दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे. शिवाय नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम वेगळी भरावी आणि ती त्या कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, अशी तरतूद या संहितेत नव्याने आली आहे. व्यवस्थापकीय पदांवरील व्यक्तींना हे नियम लागू होत नाहीत. पण साध्या लेखनिकाला, विक्रेत्याला, हमालाला ते लागू होतात.

दुसरी गोष्ट उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झालेल्या नोकराचा हा हक्क १९७२ च्या कायद्याने मान्य केला. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेचा भाग आहे. हिशेब सोपा आहे. अखेरचे मासिक वेतन १३,००० रुपये असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणावे. ७,५०० रुपये होतात. सेवा २६ वर्षांची असेल तर ७,५०० गुणिले २६, म्हणजे १,९५,००० रुपये. ही बक्षिसी नव्हे, ते देणे आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या पेढीवर कायद्याचे हे बंधन नसेल. परंतु ज्या समाजाने सचोटीच्या हिशेबावर नाव कमावले, त्याच्या चोपडीत आपल्याच माणसाचे देणे लिहायचे राहून जावे, हे शोभणारे नाही. नेमणुकीचे पत्र, पगाराची नोंद आणि सेवेचा दाखला या तीन गोष्टी दिल्याने मालकाचे काही जात नाही. त्या नसल्या तर नोकराचे मात्र सर्वस्व जाऊ शकते.

दुसरा पडदा नोकर आणि त्याचे घर यांच्यामध्ये पडतो. नोकरी गेल्यानंतरही रोज डबा घेऊन बाहेर पडणारे आणि बसस्थानकावर किंवा वाचनालयात दिवस काढून संध्याकाळी परतणारे गृहस्थ कथा-कादंबऱ्यांतच असतात असे नाही. घरच्यांना काळजी नको, असे त्यांचे म्हणणे असते. परिणाम असा होतो, की घरचा खर्च पूर्वीसारखाच चालू राहतो आणि बचत मात्र मूकपणे वितळते. पहिल्या तीन महिन्यांत जे पैसे वाचवता आले असते, ते लपवण्यात खर्ची पडतात. घरात कळले की प्रथम रडारड होईल, कदाचित बोलणीही खावी लागतील. पण दुसऱ्या दिवसापासून घरातली चार डोकी एका प्रश्नावर विचार करू लागतील. घर चालवणाऱ्या गृहिणीला खर्च कोठे कमी होतो हे कर्त्या पुरुषापेक्षा नेहमीच अधिक कळते.

पहिल्या महिन्यात करावयाची कामे थोडी आहेत, पण क्रमाने केली पाहिजेत. प्रथम कागद. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, सेवेचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक हे सर्व हाती घ्यावे. राजीनामा लिहून मागितला गेला तर सही करण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला घ्यावा, कारण स्वखुशीचा राजीनामा आणि कामावरून कमी होणे यांचे कायदेशीर फळ वेगवेगळे असते.

त्यानंतर निवृत्तिवेतन. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा झालेल्या सदस्याला वयाच्या ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते. पन्नाशीनंतर ते आधीही सुरू करता येते. मात्र जितकी वर्षे आधी घ्यावे, त्या प्रत्येक वर्षामागे ते ४ टक्क्यांनी घटते आणि ही घट कायमची असते. ज्यांची सेवा दहा वर्षांना थोडी कमी पडते, त्यांनी घाईने पैसे काढून न घेता योजनेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवावे; पुढे दुसरीकडे काम मिळाल्यास मागची वर्षे त्यात जोडली जातात.

मग आरोग्य आणि कर्ज. नोकरीबरोबर मालकाने उतरवलेला आरोग्यविमाही जातो आणि नेमका त्याच वयात त्याची गरज वाढते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण आता शिधापत्रिकेच्या रंगावर अवलंबून राहिलेले नाही आणि प्रतिकुटुंब मर्यादा वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढली आहे. त्यासाठीचे कार्ड काढून ठेवणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. कर्जाचा हप्ता चुकल्यावर बँकेत जाण्यापेक्षा चुकण्यापूर्वी जावे. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती वेळेवर आलेल्या कर्जदाराची ऐकली जाते. थकलेल्याची ऐकली जाईलच असे नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाती आलेल्या रकमेला सहा महिने कोणत्याही नव्या धाडसात गुंतवू नये. उपदान आणि निधी यांची रक्कम हाती आली की नातेवाइकांचे धंदे, दामदुपटीच्या योजना, मोठ्या भिशी आणि 'भागीदारीत दुकान टाकू' असे सांगणारे स्नेही यांची वर्दळ सुरू होते. तीस वर्षे दुसऱ्याचे पैसे काटेकोर सांभाळणारा माणूस स्वतःची पुंजी मात्र तीस दिवसांत देऊन बसतो, कारण पुन्हा 'कामाचा माणूस' म्हणवून घेण्याची त्याला घाई झालेली असते. ती घाई ओळखणे आणि तिला घरच्यांनी प्रेमाने आवर घालणे, हीच त्या काळातली खरी कमाई होय.

तिसरा पडदा घर आणि समाज यांच्यामधील. हा पडदा दूर करणे सर्वांत कठीण आहे, कारण तो विणण्यात सर्वांचाच हातभार असतो. समाजात घराची पत लग्नातल्या आहेरावरून, दिलेल्या जेवणावळीवरून आणि बोलीच्या आकड्यावरून मोजली जाते, हे कितीही नाकारले तरी खरे आहे. ज्याच्या घरी पगार थांबला आहे, तोही मग गेल्या वर्षीइतका आकडा बोलतो. कारण आकडा उतरला की चर्चा सुरू होईल आणि चर्चेची झळ मुलीच्या सोयरिकीला लागेल, असे त्याला वाटते. श्रद्धेने दिलेले दान वेगळे आणि धाकाने बोललेला आकडा वेगळा. एखाद्या घराने एखाद्या वर्षी बोली घेतली नाही, लग्न साधेपणाने केले, तर त्याची कारणे शोधत बसू नयेत. एवढा संयम समाजाने पाळला तरी कित्येक कुटुंबांचे कर्ज टळेल.

साधर्मिक वात्सल्याची परंपरा या समाजात फार जुनी आहे. बहुधा तिचे रूप एकत्र भोजनापुरते मर्यादित राहते. त्या शब्दाचा अर्थ मात्र व्यापक आहे. गुप्तदानाची महती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना गुप्त साहाय्याची रीत शिकवावी लागणार नाही. संस्थेला सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. दोन-तीन अनुभवी, अबोल, विश्वासू व्यक्तींकडे एक नोंदवही असावी. ज्यांच्याकडे माणूस हवा आहे ते पेढीमालक आणि ज्यांना काम हवे आहे त्या व्यक्ती, दोघांनी आपली नावे तेथे द्यावीत आणि ती त्या वहीबाहेर जाऊ नयेत. समाजातील निवृत्त बँक अधिकारी, वकील आणि सनदी लेखापाल यांनी महिन्यातून एक दिवस निधी, उपदान व कर्जाचे कागद पाहून द्यावेत. शिक्षणासाठीचे साहाय्य शाळा-महाविद्यालयाकडे परस्पर भरले जावे, म्हणजे मुलाला वर्गात आणि वडिलांना सभेत मान खाली घालावी लागणार नाही. आणि संस्थेच्या सभागृहात संध्याकाळी वाणिज्य शाखेतल्या मुला-मुलींनी वडिलांच्या वयाच्या गृहस्थांना संगणकावरील हिशेब आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे शिकवावीत. खतावणीचे मर्म ज्याला कळते, त्याला संगणकाची कळ दाबण्यास फार दिवस लागत नाहीत. अडथळा बहुधा बुद्धीचा नसून संकोचाचा असतो.

पन्नाशीनंतर पूर्वीइतक्याच पगाराची, पूर्वीसारखीच नोकरी पुन्हा मिळणे दुर्मीळ असते. हे कटू असले तरी लवकर स्वीकारणे हिताचे. परंतु एका नोकरीच्या जागी तीन-चार लहान कामांची जोड लावता येते. गावोगावच्या लहान दुकानदारांना पूर्ण वेळचा हिशेबनीस परवडत नाही. आठवड्यातून अर्धा दिवस येणारा मात्र हवा असतो. चिखली, मेहकर, लोणार परिसरात सोयाबीनचा पसारा वाढला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, गोदामे, पतसंस्था यांना मालाची नोंद ठेवणारा, उधारी गोडीगुलाबीने वसूल करणारा आणि शब्दाला जागणारा मनुष्य लागतो. हे गुण महाविद्यालयात शिकवले जात नाहीत. ते वयानेच येतात. आणि ज्या भगिनी खाजगी शाळांत, दवाखान्यांत, दुकानांत वर्षानुवर्षे काम करीत आल्या, त्यांची नोकरी गेली तर 'घर तर आहेच' असे म्हणून तिची बोळवण होऊ नये. त्यांचाही पगार कोणाच्या तरी शिक्षणाला आणि औषधाला लागत होता.

तरुणांना एक विनंती. उद्या पेढीची सूत्रे त्यांच्या हाती येतील. जुन्या माणसाला काढून नवे यंत्र आणण्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्यांनी त्या माणसासमोर एक तास बसावे. कोणता ग्राहक का तुटला, कोणत्या गावाची उधारी कशी बुडाली, कोणत्या वर्षी वडिलांनी कोणाच्या शब्दावर पेढी तारली, हे त्याला विचारावे. एवढे करूनही त्याला निरोप द्यावा लागला, तर तो सहा महिने आधी, हिशेब चुकता करून आणि चारचौघांत सन्मानाने द्यावा. ज्या दारातून तो पंचवीस वर्षे आत आला, त्या दारातून बाहेर पडतानाही त्याची मान ताठ असावी.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचा पाया घातला, त्यांच्यातही पेढ्यांवर नोकरी करणारे असतीलच. त्यांच्या वर्गणीचे आकडे लहान असतील. पण संस्थेच्या पहिल्या चोपडीत ते मोठ्या आकड्यांच्या ओळीतच लिहिले गेले असतील. पगार थांबलेल्या माणसाचे नाव त्या ओळीतून खाली उतरू नये, त्याला सभेचे निमंत्रण पूर्वीसारखेच जावे आणि तो आला की त्याची नेहमीची जागा त्याला मोकळी मिळावी. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांसाठी एवढा संकल्प पुरेसा आहे.

जय जिनेंद्र.